क्लबचे मौन (फुटबॉल)

फुटबॉल क्लबचे व्यवस्थापन चाहत्यांशी कसे बोलते, किती उशिरा बोलते आणि कित्येकदा बोलतच नाही, यावरून चाहत्यांत साचणारी नाराजी. मैदानावरच्या पराभवाची चीड वेगळी. ती पुढच्या विजयाने निघून जाते. ही नाराजी निर्णय कोणाच्या तोंडून कळला, किती उशिरा कळला आणि त्याचे कारण सांगितले का, यावर पोसते. प्रशिक्षकाला का काढले, कर्णधार का विकला, तिकीट का वाढवले, क्लब विकायला काढला आहे का, हे त्यातले नेहमीचे प्रश्न. सोलापुरात हे प्रश्न विचारणारे व्यवस्थापनाला ‘मॅनेजमेंट’ आणि मालकाला ‘ओनर’च म्हणतात. तक्रारीचा सूरही ठरलेला असतो : हरलात तर हरलात, निदान सांगायला काय जातंय?

या नाराजीचे मूळ समजायला सोलापूर ही चांगली जागा आहे. साखर कारखाना, पतसंस्था, विणकरांची सोसायटी, नागरी बँक यांपैकी कुठल्या तरी संस्थेचा सभासद इथे बहुतेक घरांत सापडतो. वर्षाकाठी त्या घरात छापील अहवाल येतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते. सभेत गोंधळ होतो, माईकची ओढाओढ होते, पण अमुक पानावरचा आकडा कसा आला, असे उभे राहून विचारता येते. उत्तर पटो न पटो, ते व्यासपीठावर बसलेल्या, नाव आणि हुद्दा असलेल्या माणसाकडून येते. ग्राहकाचे तसे नसते. त्याला पावती मिळते, तिथे व्यवहार संपतो. फुटबॉलचा चाहता मनाने सभासद असतो आणि क्लबच्या वहीत ग्राहक. हा विषय या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

काही देशांत चाहता कागदोपत्रीही सभासद आहे. जर्मनीत ‘पन्नास अधिक एक’ हा नियम चालतो : क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून किमान एक मत जास्त सभासदांच्या संस्थेकडे असले पाहिजे. स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबचा अध्यक्ष सभासद निवडून देतात. तिथेही कुरबुरी होतात, मात्र त्यांना जाब विचारण्याची वाट असते. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगच्या क्लबांनी गुप्त मतदानाने बाहेरच्या गुंतवणूकदाराला माध्यम हक्कांच्या उत्पन्नात वाटा देण्याच्या वाटाघाटींना मान्यता दिली. कोणी काय मत दिले हे सांगायलाच नको, अशी ती पद्धत. चाहत्यांनी स्टँडमधून मैदानावर टेनिस बॉल फेकले, चॉकलेटची नाणी फेकली. सामने मिनिटेच्या मिनिटे थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने त्या वाटाघाटी बंद केल्या. जिथे मताला किंमत आहे तिथल्या लोकांच्या मनाला गुप्त मतदान जास्त लागले, हे ध्यानात घ्यावे.

मौनाचे प्रकार बरेच आहेत. सर्वांत साधा म्हणजे काहीच न बोलणे. दुसरा, बातमी आधी पत्रकाराकडून फुटणे आणि क्लबचे पत्रक दोन दिवसांनी येणे. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात, म्हणजे ट्रान्सफर विंडोत, हे इतके रूढ आहे की क्लबची घोषणा येईपर्यंत ती शिळी झालेली असते. तिसरा प्रकार माझ्या मते सर्वांत वाईट : बोलायचे, पण काही सांगायचे नाही. ‘परस्पर संमतीने’, ‘नव्या पर्वाची सुरुवात’, ‘प्रक्रिया सुरू आहे’, ‘योग्य वेळी माहिती देऊ’ ही त्या पत्रकांची भाषा. वाचणारा ती तीनदा वाचतो आणि हाती काही लागत नाही. खाली सही नसते. फक्त क्लबचे बोधचिन्ह असते. व्यवस्थापनाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चालू सौद्याचे आकडे उघड केले तर सौदा मोडतो, आणि करारातच गोपनीयतेची अट असते. पण ‘अमुक तारखेपर्यंत सांगता येणार नाही, त्यानंतर सांगू’ एवढे वाक्य कुठलाच करार अडवत नाही.

सोलापुरात अनेक वर्षे नळाला पाणी काही दिवसांआड येत आले आहे. पाइपलाइन फुटली की पाळी पुढे जाते. अशा वेळी गल्लीत व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला सायकलवरून जाता जाता ओरडतो, ‘आज नाही, उद्या सकाळी.’ बायाबापड्या हंडे आत घेतात, कोणी करवादते, पण भांडण होत नाही. तो न सांगता गेला तर मात्र त्याच गल्लीत रात्रभर जागरण आणि सकाळी बोलाचाली. पाणी दोन्ही वेळा सारखेच उशिरा येते. फुटबॉलच्या व्यवस्थापनाला कित्येक वर्षांत न उमगलेली गोष्ट त्या चावीवाल्याला ठाऊक आहे.

इंग्लंडमधली दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. लिव्हरपूलने २०१६ मध्ये सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. तेव्हा लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

दुसरे उदाहरण युरोपियन सुपर लीगचे. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी रात्री उशिरा युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी प्रचलित स्पर्धेबाहेर स्वतःच्या स्वतंत्र लीगची घोषणा केली. त्यांत आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम हे सहा इंग्लिश क्लब होते. चाहत्यांना विचारले नव्हते, आणि कित्येक प्रशिक्षकांना व खेळाडूंनाही काही ठाऊक नव्हते. भारतात तेव्हा सोमवारची पहाट उजाडायची होती. महाराष्ट्रात त्या आठवड्यात करोनाचे कडक निर्बंध लागू होते, बाजार बंद होता. सोलापूरच्या पोरांनी ही बातमी घरात बसून, फोनवर एकमेकांना उठवून सांगितली. दोन दिवसांनी चेल्सीच्या मैदानाबाहेर जमलेल्या गर्दीत क्लबचा माजी गोलरक्षक आणि तेव्हाचा अधिकारी पीटर चेक स्वतः उतरला आणि थोडा वेळ द्या, अशी विनवणी करू लागला. मालकांपैकी कोणी तिथे नव्हते. मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही क्लबांनी अंग काढून घेतले. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मँचेस्टर युनायटेड ग्लेझर कुटुंबाकडे २००५ पासून होता. इतक्या वर्षांत मालक चाहत्यांच्या मंचासमोर आला नव्हता. तो २०२१ च्या जूनमध्ये आला. या सगळ्याचा शेवट कायद्यात झाला. तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील, फुटबॉलच्या कारभाराचा चाहताकेंद्री आढावा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर केला. तिकीट दर, बोधचिन्ह, घरच्या जर्सीचा रंग अशा गोष्टींत चाहत्यांशी बोलणे क्लबांवर बंधनकारक करण्याची तरतूद त्यात आहे. साधे बोलण्यासाठी कायदा करावा लागला.

भारतात ही नाराजी सर्वांत जुनी आणि सर्वांत बोलकी कोलकात्यात आहे, कारण मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) हे मुळात सभासदांचे क्लब. २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल संघाचे एटीके या कंपनी-क्लबाशी विलीनीकरण झाले आणि नावापुढे एटीके लागले. ते नाव काढा, ही मागणी चाहत्यांनी तीन वर्षे लावून धरली. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात इंडियन सुपर लीग या देशातल्या व्यावसायिक स्पर्धेची अंतिम फेरी जिंकल्यावर मालक संजीव गोयंका यांनी त्याच रात्री नाव बदलण्याची घोषणा केली. चषक जिंकल्याच्या आनंदापेक्षा त्या एका वाक्याचा आनंद मोठा होता, असे त्या रात्रीची दृश्ये पाहून वाटते. ईस्ट बंगालचे प्रकरण कडू झाले. क्लबचे पदाधिकारी आणि गुंतवणूकदार कंपनी यांच्यात अंतिम करारावरून वाद चालला, आणि करारात नेमके काय आहे यावर चाहत्यांत दोन तट पडले. २१ जुलै २०२१ रोजी क्लबच्या तंबूबाहेर, म्हणजे कार्यालयाबाहेर, निदर्शनांत पोलिसांनी लाठ्या चालवल्या. केरळ ब्लास्टर्सची ‘मंजप्पडा’ ही चाहता संघटना देशातल्या मोठ्या संघटनांपैकी एक. तिनेही २०२४-२५ च्या हंगामात व्यवस्थापनाविरोधात उघड निषेध केला.

सोलापूरला स्वतःचा व्यावसायिक क्लब कधीच नव्हता, पण दोन क्लबांच्या मधोमध असण्याचा योग मात्र या शहराने अनुभवला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा महाराष्ट्रातल्या दोन संघांपैकी एक होता. त्याची जर्सी नारिंगी, मैदान बालेवाडीला. सोलापूर-पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जायचे, रात्री सामना बघायचा आणि मिळेल त्या गाडीने किंवा एसटीने परत यायचे, हे जमण्यासारखे होते. संघ २०१७-१८ मध्ये एकदाच उपांत्य फेरीत पोहोचला. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा ऑगस्टमध्ये हैदराबाद एफसीला मिळाली. पुण्यात तोवर पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स असे तीन संघ याआधीच व्यावसायिक फुटबॉलमधून गेले होते.

नकाशा पाहिला की मनाला लागते. पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूरवरून हैदराबादला जातो. संघ त्याच रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. प्रशिक्षक फिल ब्राउनही तिकडे गेले. ज्या सोलापूरकराच्या घरात मराठीइतकीच तेलुगू बोलली जाते, आणि पूर्व भागातल्या विणकर वस्तीत अशी घरे पुष्कळ आहेत, त्याने हैदराबादला आपले म्हणायला फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मामा-आत्याचे घर तिकडेच. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबादने विजेतेपद मिळवले तेव्हा त्याला आनंद झाला. पुढे तिथेही खेळाडूंच्या थकलेल्या पगाराच्या बातम्या आल्या, आणि २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला गेली. रस्त्याच्या दोन्ही टोकांचे संघ असे सहा वर्षांत गेले. कंपनी तोट्यात असेल तर ती बंद होते, हे यंत्रमागाच्या गावाला कोणी शिकवायला नको. गिरणी बंद होताना इथल्या लोकांनी पाहिलेली आहे. पण गिरणी बंद झाली तेव्हा फाटकावर नोटीस लागली होती आणि ती वाचणाऱ्या कामगाराला आपण या गिरणीचे होतो हे माहीत होते. चाहत्याला फाटक नसते.

दूरच्या युरोपीय क्लबांवर जीव लावणाऱ्यांचे दुःख आणखी वेगळे. सोलापुरात बसून आर्सेनल किंवा बार्सिलोना पाहणारा तिकीट काढत नाही, मताला पात्र नाही, मैदानाबाहेर फलक घेऊन उभा राहू शकत नाही. चॅम्पियन्स लीगचा सामना थंडीत रात्री दीड वाजता सुरू होतो. घरातले झोपलेले, मोबाइलचा आवाज बंद, पांघरलेली चादर डोक्यावरून घेतलेली, आणि तिच्या आत निळा उजेड. गोल झाला तरी ओरडायचे नाही. सकाळी सात वाजता पुन्हा कामाला. या माणसाकडे क्लबशी जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे क्लबने उच्चारलेला शब्द. तोच पोकळ असला की त्याच्या हातात उरणारे काही नसते. मँचेस्टरचा चाहता चिडून ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊ शकतो. हा फार तर पार्क चौकात चहाच्या गाड्यावर दोन मित्रांपुढे बोलतो. क्लब अशा चाहत्यांची संख्या जाहिरातदारांना अभिमानाने सांगतात, जर्सी त्यांना विकतात. मग उत्तर देण्याच्या वेळी ते परके का ठरतात, हा प्रश्न रास्त आहे.

याच्या अगदी उलट चित्र कोल्हापुरात दिसते. तिथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना हरला की संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर पदाधिकारी सापडतो, कारण तो त्याच गल्लीत राहतो. खेळाडू का बसवला, बाहेरचा का आणला, हे त्याला तिथेच सांगावे लागते. आवाज चढतात, प्रसंगी हातघाईही होते; त्या फुटबॉलला हुल्लडबाजीचा डाग आहेच. पण मालक कोण आणि त्याला गाठायचे कुठे, हा प्रश्न तिथे पडत नाही. सोलापुरातही गणेशोत्सव मंडळ किंवा जयंतीचे मंडळ असेच चालते. अकरा रुपये वर्गणी देणारासुद्धा मिरवणुकीचा हिशेब मागतो आणि अध्यक्ष तो देतो.

११ जुलै २०२५ रोजी इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम थांबवल्याचे क्लबांना कळवण्यात आले. लीग चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचे काही ठरलेले नव्हते. कराराची मुदत पंधरा वर्षे आधीपासून सगळ्या संबंधितांना ठाऊक होती. चाहत्याला ती हंगामाच्या तोंडावर कळली. सोलापुरात पहाटे सरावाला येणाऱ्या पोरांमध्ये अजून एखाद्याच्या अंगावर नारिंगी जर्सी दिसते, धुऊन धुऊन विटलेली, पाठीवरचा आकडा अर्धा उडालेला. मोठ्या भावाची, असे तो सांगतो. कोणत्या संघाची, हे त्याच्याबरोबरच्या लहान मुलांना सांगावे लागते.