पेन टॅबलेट घेतलाय? मग जोडायच्या आधी एवढं वाचा

आमच्या दुकानातून पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेन फिरवला की स्क्रीनवर कर्सर फिरतो) नेणारे जास्त करून आर्किटेक्ट, इंटिरियरवाले नाहीतर दागिन्यांचं डिझाईन करणारे, आणि साधारण आठ-दहा दिवसांनी फोन येतो की हात बसत नाहीये, परत घेता का. टॅबलेट खराब नसतो हो. पेन्सिल धरली की आपण तिच्या टोकाकडे बघतो, ही सवय लहानपणापासूनची आणि इथे हात टेबलावर, नजर स्क्रीनवर. त्यात माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर हलत नाही, पेनचं तसं नाही, टॅबलेटचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा, ठरलेली जागा. म्हणून पहिले पंधरा दिवस त्याच्यावर ड्रॉइंगचं कामच करू नका, नुसते फोल्डर उघडा, मेल वाचा, बिलं बघा, सगळं पेनने. आणि वैतागून सेटिंगमध्ये माऊस मोड (त्यात पेन माऊससारखा चालतो, ठरलेली जागा राहत नाही) लावू नका, मग हात कधीच बसणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली एक बांगडी घ्या, टॅबलेटवर ठेवा आणि आतून पेन फिरवा. स्क्रीनवर गोल आला तर ठीक, अंडं आलं तर प्रमाण चुकलंय. समजा टॅबलेटची चालणारी जागा १० बाय ६.२५ इंच आहे आणि स्क्रीन १९२० बाय १०८०, तर आडवा एक इंच म्हणजे १९२ पिक्सेल आणि उभा एक इंच म्हणजे १७३ च्या आसपास, गोल सरळ अकरा टक्के रुंद होणार. दोन मॉनिटर जोडले असतील आणि टॅबलेट दोन्हींवर पसरला असेल तर दुपटीपेक्षा जास्त रुंद. हात बसत नाही म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचा खरा प्रॉब्लेम हाच निघतो, बिचारे स्वतःच्या हाताला दोष देत बसलेले असतात. ड्रायव्हरमध्ये (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर, सेटिंग त्यातच असतात) एकच मॉनिटर निवडा आणि प्रमाण कायम ठेवायची टिक मारा, वरच्या उदाहरणात टॅबलेटची जेमतेम पाऊण इंचापेक्षा कमी पट्टी वाया जाते, जाऊ द्या.

ऑटोकॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लॅन काढायच्या सॉफ्टवेअरसाठी घेणाऱ्यांना आम्ही विकतानाच स्पष्ट सांगतो, माऊस फेकू नका. खोक्यावर ८१९२ प्रेशर लेव्हल (पेनचा दाब ओळखायच्या पायऱ्या) लिहिलेलं असतं पण ऑटोकॅडच्या रेघेला तुम्ही किती दाबलंत याच्याशी देणंघेणं नाही, तिची जाडी लाईनवेटवरून ठरते. पेनचा फायदा तिथे मनगटाला, दिवसभर क्लिक करून दुखतं ना, ते कमी होतं. पेनच्या बाजूच्या दोन बटनांपैकी एकाला राईट क्लिक द्या आणि दुसऱ्याला मधलं बटन, म्हणजे ऑटोकॅडमध्ये पॅन (ड्रॉइंग सरकवणं) आणि स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ऑर्बिट (मॉडेल फिरवून बघणं) पेनवरच होतं. टॅबलेटवरच्या बटनांना एस्केप, एफ३ (ओस्नॅप, कर्सर रेघेच्या टोकाला आपोआप चिकटतो) आणि एफ८ (ऑर्थो, रेघ सरळ आडवी किंवा उभीच जाते) लावा, क्लिक करताना पेन किंचित सरकतोच, ओस्नॅप चालू नसेल तर कोपरे जुळणार नाहीत. डबल क्लिक होत नसेल तर ड्रायव्हरमध्ये डबल क्लिकचं अंतर वाढवा, म्हणजे दोन टॅप थोडे लांब पडले तरी चालतात. पेन टेकवला की कर्सरभोवती गोल फिरत असेल तर ते विंडोजचं दाबून धरून राईट क्लिक, बंद करा. तरीही अडखळलं तर ड्रायव्हरमधली विंडोज इंकची (विंडोजची स्वतःची पेनची सोय) टिक काढून बघा.

खरी मजा स्केचिंगला. क्लायंटसमोर बसलात, साईटचा फोटो किंवा प्लॅनची इमेज कृतामध्ये उघडली (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, चांगलं आहे), तो लेयर फिका केला, वर नवा लेयर घेतला आणि बटर पेपर टाकल्यासारखं वरून रेखाटलं. जिना इकडे घेतला तर, खिडकी मोठी केली तर, समोर बसून दोन मिनिटांत दाखवता येतं आणि आवडलं नाही तर लेयर डिलीट. प्रेशर इथे कामाला येतं. हलक्या हाताने काढलेली रेघ बारीक, दाबलेली जाड, पेन्सिलसारखीच.

निब, म्हणजे पेनचं टोक, झिजते. एका बाजूने तिरपी झाली, नख फिरवून धार जाणवली की लगेच बदला, नाहीतर वरची शीट ओरखडते आणि ती महाग पडते. साईटवरून आल्यावर सिमेंटची धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसून मगच पेन टेकवा, थिनर अजिबात नको. पेन पेल्यात निब खाली करून उभा ठेवू नका, आतल्या सेन्सरवर सारखा दाब राहतो. चार्जिंगला लावलेला मोबाईल टॅबलेटला खेटून ठेवला तर कधीकधी कर्सर थरथरतो, लांब ठेवा.

आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी पूर्ण काढा, रीस्टार्ट करा, मग नवीन टाका. जमत नसेल तर सरळ लॅपटॉप घेऊन दुकानात या, सेटिंग आम्ही करून देतो, पैसे घेत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर अ‍ॅडमिन पासवर्ड विचारून या, ड्रायव्हर टाकताना लागतो.