दम्यावर प्राणायाम: दावे आणि मोजमाप

‘प्राणायामेन युक्तेन सर्वरोगक्षयो भवेत्’, म्हणजे योग्य प्राणायामाने सगळे रोग जातात, ही ओळ योगवर्गात हमखास ऐकू येते. हठप्रदीपिका या योगग्रंथातल्या त्याच श्लोकाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो: चुकीच्या अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात. कोणते, तेही पुढच्याच श्लोकात आहे, ‘हिक्का श्वासश्च कासश्च...’ उचकीनंतर लगेच श्वास, म्हणजे दम लागण्याचा विकार. ग्रंथाचा कर्ता, पंधराव्या शतकातला स्वात्माराम, याने प्राणायामाचे गुण गातानाच हा इशारा देऊन ठेवला आहे. दम्याच्या रुग्णाला सरसकट भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वासोच्छ्वास, करायला लावणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

त्याच्याही कितीतरी आधी चरकसंहितेत तमकश्वासाचं, म्हणजे दम्यासारख्या विकाराचं, वर्णन येतं. रुग्णाला आडवं पडवत नाही, बसल्यावर बरं वाटतं. ढग दाटले, पाऊस आला, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. घरात दमेकरी असेल त्याला हे लगेच ओळखू येईल. चरकाचे उपचार मात्र स्नेहन (तेल-तूप), स्वेदन (शेक), वमन (ओकारी करवणं), धूमपान (औषधी धूर ओढणं) असे आहेत. दमा आणि प्राणायाम ही आज इतकी स्वाभाविक वाटणारी जोडी, दवाखान्यातला उपचार म्हणून, विसाव्या शतकातच जमली.

त्यात लोणावळ्याचा वाटा मोठा आहे. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचं काम केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही काढलं. योगक्रियांचे क्ष-किरण फोटो काढायचे, शरीरातले दाब मोजायचे, श्वासातले वायू तपासायचे, असं ते काम होतं. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हा लाडका समज त्यांनीच स्वतःच्या मोजमापांवरून नाकारला. आज शंभर वर्षांनंतरही तो समज व्यासपीठांवरून सांगितला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे १९६० च्या दशकात कैवल्यधामात डॉ. म. वि. भोळे यांनी दम्याच्या रुग्णांवर योगोपचारांचा अभ्यास केला.

इंग्लंडमध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात १९३० च्या दशकातच दमेकऱ्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले जात होते. तिथे भर होता उच्छ्वासावर, आणि त्याला कारण आहे. दम्यात श्वासनलिका आक्रसतात आणि आतून सुजतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. छातीत शिट्टी वाजते ती बहुधा तेव्हाच. घाबरून माणूस भराभर श्वास घेऊ लागला की आधीची हवा पुरती निघायच्या आत नवी येते आणि छाती फुगलेलीच राहते. उच्छ्वास लांबवला की तिला रिकामं व्हायला वेळ मिळतो.

सोव्हिएत डॉक्टर कॉन्स्टान्टिन बुटेयको यांनी १९५० च्या दशकात वेगळाच सिद्धांत मांडला. दमेकरी गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नलिका आवळल्या जातात. म्हणून नाकाने आणि कमी श्वास घ्या. ही पद्धत ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि ब्रिस्बेनमध्ये तिची चाचणी झाली. ३९ रुग्णांची ती चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. बुटेयको गटात आराम देणाऱ्या, म्हणजे आवळलेल्या नलिका तात्पुरत्या सैल करणाऱ्या, औषधाची रोजची मात्रा ९०४ मायक्रोग्रॅमने उतरली, दुसऱ्या गटात फक्त ५७ ने. पण फुंकण्याच्या चाचणीतली फुप्फुसांची क्षमता बदलली नव्हती. कार्बन डायऑक्साइडही वाढला नव्हता, म्हणजे सिद्धांताचा पायाच डळमळला.

आपल्याकडे १९८५ मध्ये बंगळूरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ५३ रुग्ण योग करणारे, ५३ त्यांच्या जोडीचे न करणारे. योग करणाऱ्यांचे झटके आणि औषधं कमी झाली. मात्र त्यात आसनं, प्राणायाम, ध्यान सगळंच होतं. गुण कशाचा, हे वेगळं काढता येत नव्हतं.

ही अडचण ज्या कल्पकतेने सोडवली गेली, तो या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग. जयपूरचे डॉ. वीरेंद्र सिंग आणि नॉटिंगहॅममधले त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका छोट्या उपकरणाचा प्रयोग मांडला. नाव ‘पिंक सिटी लंग एक्सरसायझर’. तोंडात धरून श्वास घ्यायचा. आतल्या झडपेमुळे हवा बाहेर जाताना जास्त अडते, म्हणून उच्छ्वास आपोआप श्वासाच्या दुप्पट लांबतो, प्राणायामातल्या एकास दोन प्रमाणासारखा. दुसरं उपकरण दिसायला तसंच, फक्त झडप नसलेलं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात, तसा हा श्वासाचा ‘खोटा’ व्यायाम. सौम्य दमा असलेल्या १८ जणांनी दोन्ही वापरली. खऱ्या उपकरणानंतर श्वासनलिका आवळायला हिस्टामिनची, म्हणजे त्या आवळणाऱ्या रसायनाची, मात्रा जास्त लागू लागली. नलिकांचा चिडकेपणा थोडा उतरला होता. बाकी मोजमापांतला फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच ५७ रुग्णांच्या चाचणीने मोठा धक्का दिला. एका गटाला नाकाने कमी श्वास घेण्याचा व्यायाम, दुसऱ्याला खांदे-हात हलवण्याचे साधे व्यायाम. दोन्ही गटांत आराम देणाऱ्या औषधाचा वापर ८६ टक्क्यांनी घटला. जरा धाप लागली की लगेच पंप ओढण्याऐवजी आधी व्यायाम करून पाहायचा, एवढी शिस्त दोघांनाही लागली होती. बराचसा गुण या थांबण्याचा असावा, असं मला वाटतं. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांतही साधारण तेच दिसलं. जगणं सुसह्य होतं, भीती कमी होते. फुप्फुसांचे आकडे आणि नलिकांची सूज मात्र फारशी हलत नाही.

इथेच खरा धोका आहे. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि प्राणायामाने बरं वाटू लागलं की पहिला बंद होतो तो स्टिरॉइडचा पंप. तोच तर सूज आटोक्यात ठेवत असतो. २०१९ पासून तर दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका, असंच सांगतात. कित्येकांना आता त्रास झाल्यावर ओढायला दिला जाणारा पंपही स्टिरॉइड मिसळलेलाच असतो. पूर्वीच्या चाचण्यांत पंप कमी ओढला, हे यश मोजलं गेलं. अशा पंपाच्या बाबतीत तो कमी ओढला म्हणजे सुजेवरचं औषधही तितकंच कमी पोटात गेलं, नव्हे, छातीत गेलं. म्हणून व्यायाम सुरू करणाऱ्याने आपला पंप नेमका कोणता, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावं आणि मात्रा त्यांना विचारूनच बदलावी.