दक्षिण अमेरिकेचा पासपोर्ट आणि युरोप : व्हिसा कोणाला लागत नाही, सोबत काय ठेवायचं

साओ पावलोत नोकरीला असलेलं एक मराठी जोडपं धरा. दोघांचे पासपोर्ट भारतीय. मुलगी तिथेच जन्मली, म्हणून तिच्याकडे ब्राझीलचा. तिघं लिस्बनला निघाले तर मुलीला व्हिसा लागत नाही, आईवडिलांना मात्र प्रत्येकी ९० युरो भरून आणि ३० हजार युरोंचा प्रवास विमा जोडून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या २९ देशांचा सामायिक व्हिसा) काढावा लागतो. तुम्ही राहता कुठे याला इथे किंमत नाही, पासपोर्ट कुठला एवढंच बघतात. ब्राझीलच्या वास्तव्य परवान्याचा फायदा इतकाच, की व्हिसाच्या अर्जासाठी भारतात यावं लागत नाही, तिथूनच करता येतो.

व्हिसा माफ असलेले दक्षिण अमेरिकी देश आठ : अर्जेंटिना, ब्राझील, चिली, उरुग्वे, पॅराग्वे, व्हेनेझुएला, कोलंबिया आणि पेरू. शेवटचे दोघे उशिरा आले, कोलंबिया डिसेंबर २०१५ मध्ये आणि पेरू मार्च २०१६ मध्ये. इक्वाडोर, बोलिव्हिया, गयाना आणि सुरिनाम यांना अजून व्हिसा लागतोच. ही सवलत शेंगेनच्या २९ देशांत चालते. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रोमेनियाही त्यात पूर्णपणे आले.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ते, म्हणजे दिवसांचा हिशोब. नियम असा : कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आलेला दिवस आणि निघालेला दिवस, दोन्ही धरायचे. सगळे २९ देश मिळून एकच खातं, त्यामुळे स्पेनमधून फ्रान्समध्ये गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. अनेकांना वाटतं की सहा महिने झाले की पाटी कोरी. तसं नाही. ज्या दिवशी तुम्ही युरोपात आहात, त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, आणि हे रोज.

कोलंबियातल्या बोगोटाची एक बाई २०२६ मध्ये १ मार्च ते ९ एप्रिल माद्रिदला राहिली. झाले ४० दिवस. १ जुलैला ती पुन्हा आली, तर हातात उरले ५०, म्हणजे १९ ऑगस्टला तिला बाहेर पडायलाच हवं. मार्चचे जुने दिवस २८ ऑगस्टपासून एकेक करून गळू लागतात. २० ऑगस्टचा मुक्काम मात्र बेकायदा. पूर्वी अधिकारी पासपोर्टवरचे शिक्के चाळत बसायचा, एखादा पुसट शिक्का नजरेतून सुटायचाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे नाहीत), आणि जादा राहिलेले दिवस यंत्रच दाखवतं. याला फी नाही, आगाऊ अर्जही नाही.

कागदपत्रांत पहिला पासपोर्ट. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा. अर्जेंटिना, उरुग्वेची मंडळी शेजारच्या देशांत नुसत्या ओळखपत्रावर फिरतात, ती सवय इथे कामाची नाही. त्याखेरीज परतीचं तिकीट, राहण्याचा पुरावा, पुरेसे पैसे. व्हिसा नाही म्हणजे हे कागदही नकोत, असा समज करून घेऊ नका. व्हिसावाल्याची चौकशी वकिलातीत होऊन जाते, तुमची विमानतळावरच्या खिडकीत होते, एवढाच फरक.

स्पेन यात जरा काटेकोर. तिथे माणशी रोजचा खर्च किमान मासिक वेतनाच्या १० टक्के धरतात. २०२५ मध्ये तो ११८.४० युरो होता. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर ‘कार्ता दे इनव्हितासिओन’ मागू शकतात. हे निमंत्रणपत्र यजमानाने तिथल्या पोलिसांकडे रीतसर अर्ज करून काढायचं असतं, व्हॉट्सअॅपवरच्या ‘या की’ने भागत नाही. प्रवेश नाकारला तर कारण नोंदवलेला फॉर्म मागून घ्या, त्यावर अपील करता येतं. प्रवास विमा व्हिसा माफ असलेल्यांना सक्तीचा नाही, पण मी तरी काढल्याशिवाय निघणार नाही.

पुढे एटियास ही ऑनलाइन परवानगी येते आहे. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं युरोपियन युनियनचं नियोजन आहे. फी २० युरो, १८ खालच्या आणि ७० वरच्यांना माफ, मुदत तीन वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत. सुरू होण्याआधीच अर्ज भरून देतो म्हणणाऱ्या साइटला पैसे देऊ नका. अधिकृत साइटचा पत्ता ‘युरोपा डॉट ईयू’चाच असतो.

आजोबा इटालियन म्हणून इटलीचा पासपोर्ट बाळगणारे अर्जेंटिनात पुष्कळ आहेत. त्यांनी तोच दाखवावा, ९० दिवसांची अट त्यांना नाही. पगारी काम मात्र व्हिसामाफीवर करता येईल असं धरून चालू नका, त्याला त्या त्या देशाची वेगळी परवानगी लागते.

लंडनचा बेत जोडणार असाल तर तिथले नियम निराळे. ब्राझील, अर्जेंटिना, चिली, पेरूवाल्यांना जानेवारी २०२५ पासून ब्रिटनचा ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आधी काढावा लागतो. कोलंबियाची माफी तर ब्रिटनने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढूनच घेतली. त्यामुळे बोगोटाच्या त्या बाईला माद्रिद मोकळं आहे, लंडनसाठी व्हिसा लागेल.