नाणे-प्रदर्शनातली संग्राहकांची थेट विक्री

नाण्यांच्या प्रदर्शनाला जे संग्राहक येतात त्यांच्यात आपापसात, मधे डीलर नाही, लिलाव नाही, अशी जी विक्री आणि अदलाबदल चालते तिची ही नोंद. टेबल भाड्याने घेऊन बसणारे डीलर हा वेगळा प्रकार, पण बरेच डीलर मुळात संग्राहकच असल्यामुळे ही रेघ फारशी ठळक नसते. महाराष्ट्रात हे मुख्यतः पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्सच्या कॉइनेक्समध्ये आणि मुंबईत मुंबई कॉइन सोसायटीच्या प्रदर्शनात दिसतं.

टेबलं मांडून नाणी विकायची ही रचना बहुधा अमेरिकेकडून आलेली असावी, तिथली नाणेसंग्राहकांची राष्ट्रीय संघटना १८९१ मध्ये शिकागोत स्थापन झाली आणि तिची अधिवेशनं तेव्हापासूनची. आपल्याकडे न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया १९१० मध्ये अलाहाबादला निघाली, पण तो मामला अभ्यासकांचा आणि सरकारी अधिकाऱ्यांचा होता, निबंध वाचायचे, नवीन सापडलेली नाणी छापायची असा. हातावर नाणं ठेवून, वजन करून, घासाघीस करून घ्यायची रीत मात्र सराफाच्या पेढीवरची. मोडीत आलेली जुनी नाणी सराफ बाजूला काढून ठेवायचे आणि छंदवाले ती वजनापेक्षा थोडे जास्त देऊन उचलायचे. त्यामुळे मूळ शोधायचंच तर ते अधिवेशनापेक्षा पेढीकडे जास्त झुकतं.

थेट विकण्याचं कारण साधं आहे. लिलावात घेणाऱ्याला बोलीवर प्रीमियम आणि कर पडतो, विकणाऱ्याचं कमिशन कापलं जातं, समोरासमोरच्या विक्रीत ते पैसे वाचतात आणि दोघं वाटून घेतात. भाव ठरतो तो मागच्या लिलावात तसंच नाणं कितीला गेलं त्यावरून, आणि ते नाणं 'तसंच' आहे की नाही यावरच सगळी चर्चा होते. भिंग, खिशातला वजनकाटा, क्राउझ कॅटलॉग या नाण्यांच्या सूचीतला केएम नंबर एवढ्यावर बरंचसं भागतं.

शिवराईच्या बाबतीत मात्र भागत नाही. शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या या पैशावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असतं. साल नाही, टांकसाळीचं नाव नाही. ती पाडायला सुरुवात कधी झाली यावर दोन मतं आहेत. एक मत राज्याभिषेकाच्या आधीचं, म्हणजे १६६४ च्या आसपास शहाजीराजांच्या मृत्यूनंतर राजा ही पदवी घेतली तेव्हाचं. दुसरं १६७४ च्या राज्याभिषेकाचं. नाण्यावर छत्रपति हे पद स्पष्ट आहे आणि ते पद राज्याभिषेकानंतरचं, म्हणून निदान हा लेख (नाण्यावरची अक्षरं) असलेली शिवराई १६७४ च्या आधी ओढणं अवघड जातं. दुसरं मत जास्त पटतं.

विकणाऱ्याला खरी अडचण पुढच्या टोकाला येते. महाराजांच्या नंतरही त्याच लेखाची शिवराई पडतच राहिली, शाहूंच्या काळात, पेशवाईत, आणि पेशवाई बुडाल्यावरसुद्धा. दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई साधारण १८२० नंतरची मानतात, म्हणजे तिच्यावर नाव महाराजांचं आणि राज्य इंग्रजांचं. ही प्रदर्शनात ढिगाने मिळते. सुरुवातीची मात्र कमी, आणि दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक, त्यामुळे दर दुसरी शिवराई 'महाराजांच्या काळातली' म्हणून पुढे सरकवली जाते. काळ ठरवायला संग्राहक तीन गोष्टी बघतात: अक्षरांचं वळण, कडेच्या ठिपक्यांचं वर्तुळ आणि वजन. चौथी गोष्ट म्हणजे 'शिव', 'सिव', 'सीव' असं शुद्धलेखन, आणि तिच्यावर काहीजण फार भर देतात, पण ठसा कोरणारा कारागीर ऱ्हस्व-दीर्घ बघून कोरत नव्हता, म्हणून नुसत्या स्पेलिंगवरून काळ सांगणं धोक्याचं. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं १९८९ चं इंग्रजी पुस्तक (नाशिकच्या अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेने काढलेलं) व्यवहारात आधार म्हणून उघडतात, तरी वाद सुटतोच असं नाही आणि मग किंमत मध्यावर येऊन थांबते. सोन्याचा शिवकालीन होन तर इतका दुर्मीळ की अनोळखी माणसाच्या अल्बममध्ये तो दिसला तर आधी संशयच घ्यावा.

शिवराईचा ठसा बऱ्याचदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून अक्षरं अर्धवट येतात आणि प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी कापली जातात. हे दोष नाहीत. उलट दोन नाण्यांवर अक्षर अगदी एकाच जागी कापलेलं आणि चीरही तीच दिसली तर दोन्ही, किंवा निदान एक, साच्यात ओतलेली नक्कल. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची बारीक रेघ आणि अंगावर बुडबुड्यांचे खड्डे असतात. चिंच-लिंबाने घासून चकचकीत केलेलं तांबं खरं असलं तरी भाव पाडतं, तरीही नवखे लोक घरून घासूनच आणतात.

ब्रिटिश रुपयांत वाद कमी आणि बनावट जास्त. १९११ चा पंचम जॉर्जचा 'डुक्कर रुपया' (राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला) नेहमी मागणीत असतो. १९३९ चा चांदीचा रुपया दुसऱ्या सालाच्या रुपयाच्या आकड्यात फेरफार करूनही फिरवला जातो, तो वजनाबरोबर भिंगाखाली आकडा बघूनच घ्यावा. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत वर्षाखालची टांकसाळीची खूण बघतात. मुंबईचा पत्त्यातला चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. पोरं यातूनच सुरुवात करतात.

कायद्याची बाजू लोक सोयीने विसरतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष ठरतं. म्हणजे १९११ चा रुपया त्यात बसतो आणि १९३९ चा अजून नाही. पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. स्वतःच्या संग्रहातली चार नाणी कधीमधी विकणं हा धंदा होतो का यावर संग्राहकांत मतभेद आहेत आणि बहुतेक जण 'होत नाही' या बाजूने बोलतात, अर्थातच. जमिनीत सापडलेला हंडा असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, त्यामुळे 'शेतात सापडलंय' अशी जाहिरात करत विकणाऱ्यापासून जाणते लोक लांब राहतात. आणि अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून एक साधी दुदांडी शिवराई सामानात टाकून न्यायची म्हटलं तरी चालत नाही, शंभर वर्षांपुढचं नाणं देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या संस्थेपुरताच आहे.