सामान्य घराण्याचा माग : करवीरच्या दप्तरांची पार्श्वभूमी

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातील सरदार-इनामदारांच्या पिढ्या सनदांवरून सहज मांडता येतात. पण ज्याच्या नावे ना वतन होते ना सनद, अशा पणजोबाचा शोध घेताना कागदाची वाट फार उशिरा सुरू होते. त्याआधीची आठवण कोल्हापूरच्या खेड्यांत हेळव्यांनी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळ सांगणाऱ्यांनी, जपली. सुगी संपली की हेळवी दारात येई, घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत आणि पिढ्यांची नावे म्हणून दाखवी, नव्या मुलांची नावे चोपडीत चढवी आणि धान्य, कपडा घेऊन पुढच्या गावाला जाई. त्याच्या वंशावळीत नावांचा क्रम असतो, साल क्वचितच. म्हणून ती दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहावी लागते.

या दुसऱ्या नोंदींना राजर्षी शाहू महाराजांच्या काळात बळ आले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि ज्यांच्या घरात कधी पाटी आली नव्हती, त्यांच्या मुलांची नावे शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात लागू लागली. भूमिहीन कुटुंबासाठी अनेकदा हाच पहिला लेखी पुरावा ठरतो आणि माझ्या मते त्याचे मोल सनदेहून कमी नाही. त्यातील जन्मतारीख मात्र जपून घ्यावी, कारण खरी तारीख ठाऊक नसली की १ जून लिहून देण्याची रीत पुढे बराच काळ टिकली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या एका घराकडे असलेले गावचे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती गेले. त्याच वर्षीच्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीने अनेक घरांतली माणसे नेली, तेव्हा या सुमारास एखाद्या शाखेतील नावे एकाएकी थांबली तर मृत्यूच्या नोंदी आधी पाहाव्यात.

जुने कागद बहुतेक मोडी लिपीत आहेत. संस्थानकाळातील दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. त्यांत आडनाव पुष्कळदा नसतेच, ‘अमका बिन तमका’ (तमक्याचा मुलगा अमका) एवढ्यावर माणूस ओळखला जातो, आणि एका गावात त्याच नावाचे दोघे निघाले तर आजोबाच्या नावाखेरीज उलगडा होत नाही. सातबाऱ्यावर ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकट्या थोरल्याचे नाव असले, तरी धाकटे भाऊ त्यामागे असतात. ते वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, सापडतात.

बायकांचा माग सर्वांत अवघड आहे. लग्नात नाव बदलले की माहेरच्या वंशावळीतून मुलगी नाहीशी होते आणि सासरच्या कागदात विधवा झाल्यावर ‘कोम’ (अमक्याची बायको) म्हणून पतीच्या नावापुढे उभी राहते. बापाच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत मुलींची नावे आली असतील, तर तिथेच तिच्या दोन्ही घरांचा धागा जुळतो. म्हणून पणजीचा शोध घेताना आपल्या गावाइतकेच तिच्या माहेरगावचे जुने फेरफार काढून पाहावे लागतात.