वनहक्काचा वैयक्तिक दावा: नमुना ‘अ’ भरताना

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात फॉरेस्ट प्लॉटवर (वनजमिनीच्या तुकड्यावर) नागली-वरई पिकवणाऱ्याने आधी एक तारीख पाठ करावी: 13 डिसेंबर 2005. त्या दिवशी जमीन ताब्यात होती आणि आजही कसतो, हे दाखवता आलं की 2006 च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातीचा माणूस पात्र ठरतो. बिगरआदिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. 4 हेक्टर, म्हणजे साधारण दहा एकर, ही कमाल मर्यादा. कसता दीड एकर तर पट्टाही (हक्काचा कागद) दीड एकराचाच.

नमुना ‘अ’ म्हणजे याच दाव्याचा अर्ज. तो जातो ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीकडे, तहसीलला नाही. सोबत जातीचा दाखला, रहिवासाचा कागद आणि एकाहून अधिक पुरावे. घोळ होतो तो इथेच. वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती सापडत नाही म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 13 प्रमाणे गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब चालतो (तो जाणता अर्जदार स्वतः नको, एवढंच). झोपडी, विहीर, घातलेले बांध हेही पुरावेच. जबाबात नुसतं ‘पूर्वापार कसतात’ लिहिलं की तो फुकट गेला. ओहोळाच्या कुठल्या अंगाला, कोणाच्या बांधाला लागून, बांध कोणी घातला, पीक कोणतं, हे सगळं येऊ द्या. सॅटेलाइट नकाशा या पुराव्यांना जोड आहे, पर्याय नाही.

जमिनीच्या पाहणीची तारीख समितीने वन आणि महसूल खात्याला लेखी कळवावी आणि पोच जपून ठेवावी. वनखात्याचा गार्ड आला नाही आणि मागाहून त्याच कारणाने हरकत आली, तर दावा फेरपाहणीला परत येतो. दुसऱ्यांदाही दांडी मारली, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पोच नसेल तर कळवलं होतं हे सांगणार कशाच्या जोरावर?

दाव्यावरच्या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, शिवाय निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. हजेरीपटावरच्या सह्या-अंगठे मोजल्याशिवाय प्रोसीडिंग (सभेचं इतिवृत्त) बंद करू नका.

मग फाइल प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा समितीकडे. ग्रामसभेच्या वा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध वरच्या समितीकडे 60 दिवसांत जाता येतं. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम 4(5) प्रमाणे जमिनीवरून उठवता येत नाही.

पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. लग्न झालेलं असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. तेव्हा अर्जातच बायकोचं नाव आधारवर आहे तसं लिहा.