गाडीला वळवतं कोण?

दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर परवा पुन्हा बुलेट ट्रेन निघाली. शेजारचे काका ठासून म्हणाले, "ती चुंबकावर तरंगते, म्हणून तर एवढी पळते." तसं नाही. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसुद्धा पोलादी रुळांवर पोलादी चाकांनीच धावणार आहे. चाक आणि रूळ दोन्ही टणक, त्यामुळे दबत नाहीत आणि ओढायला जोर फार कमी लागतो. आपल्या वडोदऱ्याला हे जुनंच आहे. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई–मियागाम मार्ग टाकला, तेव्हा अडीच फूट अंतराच्या रुळांवरचे डबे चक्क बैल ओढत होते.

मी विचारलं, मग चाकं रुळावर टिकतात कशी? सगळे म्हणाले, चाकाच्या आतल्या कडेमुळे, म्हणजे फ्लँजमुळे. बहुतेकांची हीच समजूत असते. पण ती कडा शेवटचा आधार आहे. रोजचं काम दुसरंच कुणीतरी करतं.

डब्याची दोन चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात. एक फिरलं की दुसरंही तेवढंच फिरणार. ब्रॉडगेजवर गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे पावणेतीन मीटर लांब भरतो, मग वळण लहान असो की मोठं. मोटारीत यासाठी डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी. डब्याच्या अ‍ॅक्सलला ते नसतं. मग हे पावणेतीन मीटर जातात कुठे?

उत्तर चाकाच्या आकारात आहे. रुळावर टेकणारा त्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, कडेकडून बाहेर उतरता असतो. आपल्याकडे हा उतार पारंपरिकपणे २०ला १, म्हणजे २० मिलिमीटर बाहेर गेलं की चाकाची त्रिज्या १ मिलिमीटरने कमी. टपरीवरचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर, जराशा तिरक्या पट्ट्यांवरून सोडा. कप डगमगतील, पण पुन्हा मध्यावर येतील. आता बुडाला बूड लावून सोडा. लगेच घसरतील.

आता ८०० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. चाकजोडी बाहेरच्या बाजूला साधारण १ सेंटीमीटर सरकते. बाहेरचं चाक कडेजवळच्या जाड भागावर चालू लागतं, आतलं बारीक भागावर. दोघांच्या त्रिज्येत फरक पडतो फक्त १ मिलिमीटरचा. पण त्यामुळे दर फेऱ्यात बाहेरचं चाक ६ मिलिमीटर जास्त अंतर कापतं, आणि तेवढ्या टप्प्यात बाहेरचा रूळही नेमका ६ मिलिमीटरच जास्त असतो! हा हिशोब पहिल्यांदा जुळला, तेव्हा मी तो तीनदा करून पाहिला होता.

पण या उताराची किंमत मोजावी लागते. सरळ रुळावरही चाकजोडी जरा डावीकडे सरकते, परतते, उजवीकडे जाते. ही नागमोडी चाल क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ साली गणितात मांडली. एका नागमोडीची लांबी चाकाची त्रिज्या आणि रुळांमधलं अंतर यांच्या गुणाकाराला उताराने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ९१५ मिलिमीटर व्यासाच्या चाकांची ब्रॉडगेजवरची नागमोड सुमारे १८ मीटर येते. म्हणजे ताशी ६५ किलोमीटरला सेकंदाला एक हेलकावा, १३०ला दोन. वेग आणखी वाढला की हा डोल आपोआप विझत नाही, वाढतच जातो. म्हणून १९६४च्या शिंकान्सेनच्या, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनच्या, चाकांना ४०ला १ इतकाच उतार दिला होता. वेगाच्या गप्पांत इंजिनाची ताकद नेहमी येते, हा उतार कधीच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नव्या गाडीपुढे नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. त्याने चाकाची झीज काही थांबत नाही. झिजलेल्या चाकाचा आकार बिघडतो आणि डोल वाढतो. गाडी सुखरूप पोहोचते ती मोजमापाचं गेज लावून चाकं तपासणाऱ्या आणि लेथवर पुन्हा योग्य आकार कापणाऱ्या माणसांमुळे.

स्टेशनात शिरताना एखाद्या अवघड वळणावर चाकं कर्कश किंचाळतात, ते पुढच्या वेळी नीट ऐका. तिथे उतार पुरलेला नसतो, आणि कडा रुळाला घासत असते.